घोट्याखाली गवत

मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली तरी तुम्ही जुडी उलटी करून बघता. बघतो. फुकटची जुडी आतून पिवळी निघते हा माझा अनुभव आहे. त्यात मी पडलो चित्रकलेचा मास्तर. वडवणीच्या आमच्या शाळेत पोरं घरून मोर काढून आणतात आणि तो मोर कुणाच्या ताईनं काढलाय, कुणाच्या मामानं, की खिडकीच्या काचेवर कागद धरून छापलाय, हे मला पिसाऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या रेघेलाच कळतं. मी कान धरतो, पोरगं कबूल होतं. चुकलो असं फारसं होत नाही.

त्यामुळे मे महिन्यात बद्रीनाथ सरांचा फोन आला तेव्हा सरांनी माणूस बरोबर हेरला होता.

"अभिमन्यू, यंदा प्रदर्शनाचा मुख्य परीक्षक तूच हायेस," सर म्हणाले. "अन् एक ध्यानात ठेव. संस्कृती नावाच्या पोरीचं एक चित्र आलंय. ते आपल्याकडचं वाटत न्हाई. नीट बघ अन् बाद कर."

"कावून सर? कुठून उचललंय का?"

"तू बघ. बघितल्यावर कळंल तुला."

सरांनी फोन ठेवला. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. सरांनी इतक्या जणांतून मला सांगितलं होतं.

सर म्हणजे कोण ते सांगायला हवं. माजलगावात मोंढ्याच्या, म्हणजे आडतबाजाराच्या, मागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा क्लास आहे. आमच्या बाजूला हातात पेन्सिल धरणारा जो कोणी आहे तो त्या शेडमधून गेलेला आहे. शाळांतले ड्रॉईंग मास्तर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे, लग्नात मेंदी काढणाऱ्या बाया, गणपती रंगवणारे, सगळे. पार कडा गावच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तरसुद्धा सरांचाच. चित्रकलेचं मंडळ सरांचं, प्रदर्शन सरांचं आणि खरं बोलायचं तर आमच्या नोकऱ्याही सरांच्याच, कारण संस्थेच्या अध्यक्षांना फोन सर करायचे. दर रविवारी सकाळी सर क्लासात सगळ्यांसमोर एक चित्र काढून दाखवतात. त्याला आम्ही डेमो म्हणतो. मी अजूनही वडवणीहून डेमोला जातो. न गेलं तर सर विचारत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

सरांचा हात म्हणजे काय सांगावं. बैल, बाभळ, धरणाचं पाणी, म्हातारीच्या तोंडावरच्या सुरकुत्या, मागाल ते. एक सोडून. सरांना माणसाचा पाय येत नाही.

हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि आजवर कुणी तोंडातून काढलेलं नाही. सरांच्या चित्रातली माणसं ज्वारीत उभी असतात, पाण्यात उभी असतात, बैलगाडीच्या पलीकडे उभी असतात. बाई असेल तर लुगड्याचा काठ जमिनीवर लोळतो. सरांनी काढलेल्या विठोबाच्या पायांवर फुलांचा एवढा ढीग असतो की विटेचाही पत्ता लागत नाही. लोक त्या फुलांनाच हात जोडतात. ग्रेड परीक्षेचं स्मरणचित्र शिकवताना सरांचा नियम ठरलेला: घोट्याखाली गवत. विषय बाजाराचा येवो, जत्रेचा येवो, बसस्टँडचा येवो, आम्ही घोट्याखाली गवत काढायचो. बसस्टँडवर गवत कुठून आलं असं कुणी विचारलं नाही. आम्ही पास झालो, मास्तर झालो आणि आमच्या पोरांना तेच शिकवलं. आमच्या भागातल्या कुठल्याही शाळेच्या भिंती बघा, त्यांवरची माणसं घोट्यापर्यंतच असतात. एकदा पुण्याहून एक चित्रकार पाहुणे म्हणून आले होते. सगळं प्रदर्शन फिरून झाल्यावर ते म्हणाले, "बीड जिल्हा दुष्काळी आहे असं ऐकून होतो. इथं तर सगळीकडे गवत आहे." आम्ही हसलो. सर हसले नाहीत, आणि त्या पाहुण्यांना पुन्हा बोलावणं गेलं नाही.

तर प्रदर्शन. त्या आठवड्यात लग्नाची तिथी नव्हती म्हणून मोंढा रोडचं मंगल कार्यालय मिळालं होतं. मंडपाच्या पडद्यांना पिना मारून चित्रं टांगली होती. नवरा-नवरी ज्या स्टेजवर बसतात ते तसंच होतं, मागं प्लॅस्टिकच्या फुलांची कमान होती, फक्त सोफा बाजूला सारला होता. परीक्षक म्हणून मी बूट घालून गेलो होतो. बूट मला कधीच मानवत नाहीत. डाव्या पायाची करंगळी वरून घासते, तिथं घट्टा पडून काळा झालाय. पण चपलेवर परीक्षक शोभत नाही असं सर म्हणतात.

दुसरा परीक्षक परमेश्वर. तो क्लासात माझ्याबरोबरचा. आता त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि तो वाढदिवसाच्या बॅनरवर पुढाऱ्यांचे चेहरे उजळ करून देतो. त्याला पायांची अडचण कधी आलीच नाही, पुढारी छातीपर्यंतच असतात.

आम्ही दोघं पहिल्या पडद्यापासून बघत निघालो. धरणावरचा सूर्यास्त, गवत. ऊसतोडणीच्या बाया, गवत. शाळेला निघालेली पोरं, गवत. आणि मग ते चित्र.

नुसती पेन्सिल होती. आणि कागदभर पाय. गुडघ्याखालचे, उघडे, दाटीनं उभे असलेले. कुणी टाचा उचललेल्या, कुणी एका पायावर भार टाकून दुसरा मोकळा सोडलेला, कुणी उजव्या पायानं डाव्या पोटरीला खाजवत होता. सगळे पाठमोरे किंवा अर्धवट वळलेले, पुढं काहीतरी बघायला धडपडणारे. काय बघतायत ते दिसत नव्हतं. फक्त पार पलीकडे, त्या पायांच्या फटीतून, एकच जोडी आपल्याकडं तोंड करून उभी होती. टाचांच्या भेगा, पोटरीवरच्या शिरा, घोट्याच्या मागची खळगी, सगळं होतं. खाली चिठ्ठी होती: 'गर्दी. संस्कृती, इयत्ता बारावी.'

मला आधी हेवा वाटला. सरळच सांगतो. मला हे येत नाही, माझ्या सरांना येत नाही आणि बारावीच्या पोरीला येतं, हे माझ्या डोक्यात शिरेना. मग सरांचा फोन आठवला आणि मला हायसं वाटलं. चित्र तिचं नसणारच.

"हे आपल्या क्लासातल्या पोरीचं?" परमेश्वर म्हणाला. "शक्यच न्हाई बे."

"नेटवरनं छापलं असंल."

मी मोबाईलवर फोटो काढून नेटवर शोधला. मोबाईलनं जगभरचे पाय दाखवले, नाचणाऱ्या बायांचे, टाचेच्या मलमाच्या जाहिरातीतले. हे कुठं सापडले नाहीत. मी पिना काढल्या आणि कागदाच्या मागून बोट फिरवलं. रेघांचे वळ बोटाला लागत होते, म्हणजे छापील नव्हतं. मग स्क्रीनवर कागद धरून गिरवलं असेल असं मी ठरवलं. मला ते बाद करायचं होतं, कसं ते फक्त सापडायचं होतं.

"एआय असंल," परमेश्वर म्हणाला. "आजकाल मोबाईलला सांगितलं की चित्र हजर. मी सोता बॅनरला वापरतो. पण त्याला बोटं जमत न्हाईत. मोज."

आम्ही मोजली. जिथं दिसत होती तिथं पाचच होती. परमेश्वर कागदाला नाक लावून बघत होता.

"हे बघ, सापडलं. ह्या पायाची करंगळी जमिनीला टेकलीच न्हाई. हवेत हाय. माणसाची करंगळी अशी ऱ्हाती का?"

मी खिशातलं भिंग काढलं. खरंच. गर्दीच्या कडेचा एक डावा पाय, बाजूनं दिसणारा. चारही बोटं जमिनीवर आणि करंगळी तेवढी अधांतरी, तिच्याखाली बारीकशी सावली. अशी करंगळी मी कुणाची बघितली नव्हती.

"ही चूक माणूस करणार न्हाई," मी म्हणालो. "गेली ही पोरगी."

सर दाराजवळ खुर्चीवर बसले होते. त्यांच्याकडं बघून मी मान हलवली. त्यांनीही हलवली. पण नंतर ते आमच्याकडं बघेनात, खिडकीतून बाहेर बघत राहिले. तेवढं मला जरा खटकलं.

तेवढ्यात एक माणूस जवळ आला. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. पोरीचा बाप, शिवशंकर. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला आहे असं त्यानंच सांगितलं. गाडीत ऊस किती आणि चिखल किती हे बघण्यात ज्याचा जन्म गेला, तो कुणावर चटकन भरवसा ठेवत नसणार. मला तो आवडला.

"सर, एक इच्यारू का?" तो हळू आवाजात म्हणाला. "ही पोरगी खरंच काढती का? घरी आमाला कवा काय दावत न्हाई. संभाजीनगरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं म्हणती. मी म्हनलं, पहिला नंबर आण, मग घालतो. न्हाई आला तर अंबाजोगाईला फार्मसी. उद्या तिथं जायचंच हाय नाव घालायला. तुमी जाणकार हाव. तुमी म्हनाल ते खरं."

"कळंल आता," मी म्हणालो. "बोलवा तिला."

पोरगी आली. अंगानं किरकोळ, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. ती सारखी खाली बघत होती. चोर खाली बघतो, असं मी मनात म्हटलं.

"हे तू काढलं?"

"हो सर."

"कशावरनं काढलं?"

तिनं तोंड उघडलं, पण मी बोलू दिलं नाही. मला गोष्टी ऐकायच्या नव्हत्या. शाळेतली पोरंही मोराच्या गोष्टी सांगतात. मी टेबलावरचा कोरा कागद उचलला आणि तिच्या हातात दिला.

"आता हितं, सगळ्यांसमोर काढ. दोनच पाय काढ. जास्त न्हाई."

ती कागदाकडं बघत राहिली. "मनानं न्हाई येत सर," ती म्हणाली. "बघून येतंय. कुणाचे तरी पाय लागतील."

परमेश्वर हसला. जमलेली माणसंही हसली. मला तिची चलाखी वाटली. उघडे पाय कोण दाखवणार? भरल्या कार्यालयात बूट-मोजे काढायला कुणीच तयार होईना. परमेश्वरनं पाय मागं घेतले, त्याचा मोजा फाटका असावा. शिवशंकर आधीच खिडकीपाशी गेला होता. सरांनी खुर्चीखाली पाय ओढून घेतले. म्हणजे चाचणीच होणार नव्हती आणि पोरगी सुटणार होती. मला राग आला.

"माझे घे," म्हणून मी बूट काढले, मोजे काढले आणि स्टेजवर चढलो. "उभा राहू का बसू?"

"उभंच ऱ्हावा सर. रोज ऱ्हाता तसं."

रोज म्हणजे कधी, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी प्लॅस्टिकच्या फुलांच्या कमानीखाली उभा राहिलो. ती खाली सतरंजीवर बसली, माझ्या डाव्या पायाच्या बाजूला सरकली, मान जरा तिरकी केली. स्टेज तिच्या डोळ्यांच्या बरोबर समोर येत होतं. मला तिचा भांग दिसत होता आणि हलणारं कोपर. कागद दिसत नव्हता.

नवरदेवांचं कसं होत असेल ते मला त्या दिवशी कळलं. सगळे बघत असतात आणि आपल्याला काही करता येत नाही. मी तिच्यावर डोळा ठेवून होतो. बाजूला मोबाईल नाही ना, ओढणीखाली काही नाही ना. खोडरबर तिनं घेतलंच नव्हतं. ती माझ्या पायाकडं बघत होती, कागदाकडं बघत होती आणि पुन्हा पायाकडं. आपल्या पायाकडं इतका वेळ कुणी बघितलं की बोटं आपोआप आखडतात. "मोकळं सोडा सर," ती म्हणाली. मी सोडलं.

आधी शिवशंकर तिच्या मागं येऊन उभा राहिला. त्यानं कागद बघितला आणि खिशातली पेनं उगीच चाचपली. मग परमेश्वर आला. त्यानं कागद बघितला, माझे पाय बघितले, पुन्हा कागद बघितला. मग तो तसाच चालत पडद्याकडं गेला, त्या चित्रापाशी, आणि तिथं वाकून उभा राहिला. बराच वेळ झाला तरी सरळ होईना.

"अभ्या," तिथूनच तो म्हणाला, "खाली उतर बे."

मी उतरलो. पोरीच्या कागदावर दोन पाय होते. डाव्याची करंगळी जमिनीला टेकत नव्हती. वरच्या बाजूला काळा घट्टा होता.

मी माझ्या पायाकडं बघितलं. वरून बघितलं की करंगळी टेकलेलीच दिसते. इतकी वर्षं मी ती वरूनच बघत आलो होतो. मी वाकलो, पोरीच्या हातातला कागद घेतला आणि त्याची कड करंगळीखाली घातली. कुठंही न अडकता ती आत सरकली.

मग मी अनवाणीच त्या चित्राकडं गेलो. भिंगाची गरजच नव्हती. तो घट्टा तिथंही होता. ज्या पायावर बोट ठेवून मी पोरीला बाद केलं होतं तो पाय माझा होता. शेजारी परमेश्वरचा, त्याच्या पोटरीवर सायकलच्या चेनची जुनी खूण आहे. उजव्या पायानं डाव्या पोटरीला खाजवणारा आमचा कड्याचा मास्तर. त्याला ती खोडच आहे. सगळे आम्हीच होतो. इतका वेळ आम्ही आमचेच पाय बघत होतो आणि एकालाही ओळख पटली नव्हती.

"हे कुठलं?" मी तिला विचारलं.

"क्लासातलं सर," संस्कृती म्हणाली. "रविवारच्या डेमोचं. जुने पुढं उभे ऱ्हात्यात, नवे मागं बसत्यात. आमच्या गावाची गाडी दहाला येती. मी येते तवर गर्दी झालेली असती. अकरावीपासून मला मोठ्या सरांचा बोर्ड कवा दिसलाच न्हाई. खाली सतरंजीवर बसलं की नुसते पायच दिसत्यात. मग तेच काढत बसायचे."

"दोन वर्षं?"

"हो."

शेडमध्ये चपला बाहेर काढायचा नियम आहे. सरस्वतीची तसबीर आहे म्हणून. रंग उडतो म्हणून आम्ही पँटीही गुडघ्यापर्यंत दुमडतो. आणि पुढं कुणी उभं राहायचं हाही नियम आहे. दोन्ही मी आयुष्यभर पाळले. पहिल्या रांगेत माझी जागा ठरलेली आहे, बोर्डाच्या डावीकडं. तिथं उभं राहून मी सरांचं गवत बघत होतो आणि माझ्या मागं बसलेल्या या पोरीला ते गवत एकदाही दिसलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण कुणासाठी ते तेव्हा सांगता आलं नसतं.

"ती पलीकडची जोडी माझी हाय," दाराकडून आवाज आला.

सर खुर्चीतून उठले नव्हते.

"मला चित्र आलं त्या दिशीच कळलं," ते म्हणाले. "अंगठा बाहेर वळलेला हाय. माझाच हाय तो."

"मग बाद कर म्हणून मला का सांगितलं सर?" मी विचारलं. आता माझा संशय सरांवर फिरला होता आणि तो मला सोसवत नव्हता.

सरांनी खुर्चीखालचे पाय हळूच पुढं घेतले.

"तरुणपणी मी लई काढले माझे पाय," ते म्हणाले. "जिमिनीवर आरसा ठिवायचा, खोलीला कडी लावायची अन् काढायचे. एकदाबी माझे वाटले न्हाईत. मग सोडून दिलं. गवत आलं, त्यावर भागलं. तुमचंबी भागलं. आता हे पडद्यावर ऱ्हायलं तर लोक हे बघतील अन् मग शेजारचं बघतील. समद्यांचीच चित्रं बघतील, अभिमन्यू. तुझीबी."

शिवशंकर एकदा सरांकडं, एकदा माझ्याकडं बघत होता.

"पोरगी गुणाची हाय," सर पुढं म्हणाले. "तिचं नुकसान व्हावं असं माझ्याबी मनात न्हाई. तिला म्हणावं, खाली थोडं गवत काढ. घोट्यापर्यंत. अन् दे पहिला नंबर. मी सही करतो."

शिवशंकरचा चेहरा उजळला. "काढ की मग बाई," तो म्हणाला. "चार काड्या तर काढायच्यात. तुझं संभाजीनगर पक्कं होतंय."

परमेश्वरनं चित्र काढून आणलं आणि टेबलावर ठेवलं. पोरगी पेन्सिल घेऊन वाकली. मला वाटलं ती नाही म्हणेल, रडेल, काहीतरी करेल. तिनं तसं काही केलं नाही. तिला कॉलेजला जायचं होतं. पेन्सिलीचं टोक माझ्या करंगळीवर आलं आणि तिथं थांबलं.

"गवत कसं काढायचं सर?" तिनं मला विचारलं. "मला येत न्हाई."

मला येतं. मी झोपेत सांगेन. आधी बारीक काड्या, खालून वर, हात सैल. मग त्यांच्यामधून जाड. एखादी मोडलेली. सगळ्या एका बाजूला झुकवायच्या, म्हणजे वारा दिसतो. मी पोरांच्या किती तुकड्यांना हे शिकवलंय आणि त्यातलं एकही पोरगं आज पाय काढत नाही. सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. सर माझ्याकडं बघत होते. मी पहिल्यांदा क्लासात गेलो तेव्हा बघत होते तसेच.

"नको काढू," मी म्हणालो.

"अभिमन्यू."

"सर, मुख्य परीक्षक मी हाय."

असं मी सरांशी कधी बोललो नव्हतो. मी निकालाच्या कागदावर पहिल्या नंबरापुढं संस्कृतीचं नाव लिहिलं, सही केली आणि कागद परमेश्वरकडं सरकवला. त्यानं सरांकडं बघितलं, मग त्या चित्रातल्या स्वतःच्या पोटरीकडं बघितलं आणि सही केली. शिवशंकरनं तो कागद दोनदा वाचला. नाव बरोबर लिहिलंय ना, एवढंच त्यानं विचारलं.

सर उठले. दारात काढून ठेवलेल्या त्यांच्या चपला लोकांच्या पायांनी इकडंतिकडं झाल्या होत्या. संस्कृती पुढं गेली आणि तिनं त्या सरळ करून त्यांच्यासमोर ठेवल्या. सरांनी चपला घालताना तिच्या खांद्याचा आधार घेतला.

"तुझी गाडी दहाला येती व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"अन् डेमो साडेनवाला असतो."

"हो सर."

सर निघून गेले.

पोरगी आता संभाजीनगरला आहे. माजलगावात मात्र लोक म्हणतात, अभिमन्यू मास्तरनं स्वतःचा पाय बघून नंबर दिला. त्यांचं चुकलं असं मला ठामपणे म्हणता येत नाही. चित्रात परमेश्वरचाच पाय असता आणि माझा नसता, तर मी तेवढी हिंमत केली असती का, हा संशय मला अधूनमधून येतो. डेमो अजून साडेनऊलाच असतो. मी जातो, पण आता मागं उभा राहतो. पुढं जा असं सर म्हणत नाहीत.

मागच्या रविवारी घरी आल्यावर मी अंगणात स्टूल मांडला, त्यावर डावा पाय ठेवला आणि समोर फरशीवर बायकोचा आरसा टेकवला. कागद घेतला. पोटरी आली. घोटा आला आणि घोटा खरोखर बरा आला, त्याच्या मागची खळगीसुद्धा. मी जरा खूश झालो. मग हात थांबला. मी आरशात करंगळीकडं बघत होतो. ती हवेत होती, स्पष्ट दिसत होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत हातानं खालून वर एक बारीक काडी ओढली. मग तिच्याशेजारी दुसरी. मग त्या दोघींमधून एक जाड.

बायको चहा घेऊन आली. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं कागद बघितला.

"छान आलंय की," ती म्हणाली. "कुठल्या शेतात उभे ऱ्हायलात?"

मी आरसा उचलून तिच्या हातात दिला. "वडवणीच्याच," म्हणालो.